आखूड पलंग आणि डावा पाय

माझे आजोबा कवळ्या बनवायचे. ते दंतवैद्य नव्हते. दंतवैद्य माणसाच्या तोंडाचा साचा घेऊन त्यांच्याकडे पाठवायचे, आणि आजोबा मेणात एकेक दात बसवून, घासून, चकाकवून तयार कवळी परत पाठवायचे. ज्यांच्यासाठी दात केले त्यांचे चेहरे त्यांनी कधी पाहिले नाहीत. "गावभर लोक माझ्या दातांनी हसतात," ते म्हणायचे, "आणि कोण कशाला हसतंय याचा मला पत्ताच नाही." घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चाले. खिडकीपाशी लांब बाक, त्यावर ओळीने मांडलेले प्लास्टरचे जबडे, मेण वितळवायची छोटी शेगडी आणि सगळ्यावर बसलेली पांढरी भुकटी. आजी रोज पुसायची आणि रोज हरायची.

आजोबांना विनोद सांगायचा भारी नाद. हाताने काम चालू आणि तोंडाने विनोद. ऐकायला दोन मुली. थोरली माझी आई. ती विनोद निम्म्यावर यायच्या आतच खिदळायला लागायची. धाकटी माझी मावशी. ती हसायची नाही, उलटतपासणी घ्यायची.

आजोबांचा सगळ्यात लाडका विनोद आखूड पलंगाचा. एक शहाणा माणूस सुताराकडे जातो. म्हणतो, "पलंग आखूड पडतो हो, झोपलं की पाय बाहेर राहतात. त्यातही डावा जास्त." सुतार म्हणतो, "किती बाहेर राहतो ते मोजून सांगा, तेवढी फळी जोडतो." शहाणा म्हणतो, "तीच तर पंचाईत आहे! मोजायला उठलो की पाय बाहेर राहतच नाहीत!"

आई हसून लोळायची. मावशी विचारायची, "तो बायकोला का नाही मोजायला सांगत?"

"नसेल बायको."

"मग सुतार का नाही आला घरी?"

"कामात असेल."

"आणि डावाच का जास्त? त्याचे पाय लहानमोठे आहेत का?"

आजोबा कानस खाली ठेवून हात जोडायचे. "वकीलसाहेब, मी गुन्हा कबूल करतो." तेव्हापासून घरात मावशीचं नाव वकील पडलं, आणि आजोबांनी मनाशी पक्कंही करून टाकलं की ही मुलगी काळा कोट घालणार.

मावशी कायद्याच्या तयारीनेच कॉलेजात गेली. पहिल्या वर्षी एक भाषा घ्यावी लागे. हव्याहव्याशा भाषांच्या टेबलांसमोर जिन्यापर्यंत रांगा लागलेल्या. एका टेबलाशी मात्र एक म्हातारे सर एकटेच सफरचंद खात बसले होते. पाटी होती, प्राचीन ग्रीक. मावशीने विचारलं, "इथे रांग का नाही?"

सर म्हणाले, "आहे की. तुम्ही पहिल्या."

ती बसली ती बसलीच. पुढे मी तिला विचारलं होतं, तुला त्या भाषेत एवढं काय दिसलं म्हणून. मला वाटलं होतं, ती महाकाव्यं, शोकांतिका, तत्त्वज्ञान असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "बारके शब्द." जुन्या ग्रीकमध्ये इवले इवले शब्द आहेत, ज्यांना स्वतःचा असा अर्थ नाही, पण ते वाक्यात पडले की बोलणाऱ्याचा चेहरा दिसतो. सरांनी तिला ते आपल्याच बोलण्यातून समजावलं होतं. "आलास." "आलास ना?" "आलास की!" "आलास तर!" कृती एकच, पण एकात काळजी, एकात आनंद, एकात टोमणा. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसांचा टोमणा अजून ऐकू येतो, हे कळल्यावर मावशीला कायद्याच्या पुस्तकांत राम वाटेना.

तिने मागच्या खोलीत जाऊन सांगितलं तेव्हा आजोबा एका जबड्यात दाढ बसवत होते. म्हणाले, "वकील होणार होतीस ना?"

"झालेच की बाबा. फक्त माझे सगळे अशील मेलेत."

हे ती गंभीरपणे म्हणाली होती. आजोबा हसले तेव्हा तिला त्याचं नवल वाटलं.

पदवीनंतरच्या वर्षांत एकदा सरांनी तिच्यासमोर एक पान ठेवलं. "तुम्ही फार गंभीर होत चाललाय. हे वाचा, जरा हसा." तो एका जुन्या विनोदसंग्रहातला उतारा होता. कोणी जमवला कोणाला ठाऊक नाही. पोथ्यांच्या नकला करणाऱ्यांनी शतकानुशतकं उतरवत आणलेला. मावशी शब्दाशब्दाने लावू लागली. एक विद्वान. पलंग. पाय. मग एक विशेषण आलं, डावा. तिने पेन्सिल खाली ठेवली. पुढचं वाक्य तिने वाचायच्या आधीच तिला माहीत होतं. इथे सुताराच्या जागी शेजारी होता, एवढाच काय तो फरक.

ती धावतच घरी आली. आजोबांसमोर उभं राहून तिने तो उतारा आपल्या भाषेत वाचून दाखवला, एका सुरात, जशी ती सगळंच वाचायची. आजोबांनी कान देऊन ऐकलं.

"हा तर माझा," ते म्हणाले.

"बाबा, हा दीड हजार वर्षांपूर्वीचा आहे."

"मग त्याने माझा चोरला."

"चेष्टा नको ना. तुम्ही कोणाकडून ऐकलात? आठवा."

आता आजोबांनी हातातलं काम खाली ठेवलं. "कोणाकडून नाही. मी रचलाय तो. लग्न झालं तेव्हा आम्ही भाड्याच्या खोलीत राहायचो. तिथला पलंग आखूड होता. तुझी आई भिंतीकडे, मी कडेला, त्यामुळे माझा डावा पाय सगळा बाहेर. एके दिवशी मोजायला उठलो आणि माझं मलाच हसू आलं. विचार तुझ्या आईला."

आजीला विचारलं. आजी म्हणाली, "पलंग आखूड होता हे खरं. विनोद कुठून आला ते मला काय विचारता? मी झोपलेले होते."

मावशीचा विश्वास बसला नाही. त्याला कारणही होतं. आजोबा जो विनोद सांगत तो आपणच रचला असं छातीठोक सांगत, आणि त्यातले निम्मे आधीच छापून आलेले असत. शिवाय आखूड पलंग कोणालाही सुचेल, पण डावा पाय? दोन माणसांना, दोन युगांत, नेमका डावाच? मावशीच्या मते हा पुरावा होता. विनोद कुठून तरी निघाला होता आणि चालत चालत आमच्या मागच्या खोलीत येऊन पोचला होता. कोणत्या वाटेने, ते तिला शोधायचं होतं. झालं, आयुष्याचं काम ठरलं.

प्रबंधाचा विषय मांडायला ती समितीसमोर बसली तेव्हा अध्यक्षांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही विनोदांवर डॉक्टरेट करणार?" आणि मंडळी हसली. मावशीला वाटलं त्यांना खरंच माहिती हवी आहे. तिने सविस्तर उत्तर दिलं. ते इतकं लांबलं की समितीचा चहा गार झाला आणि शेवटी कंटाळून त्यांनी होकार दिला.

मग वर्षानुवर्षं तिची पायपीट चालली. आज या गावी हंगामी नोकरी, उद्या त्या गावी. भाड्याच्या खोल्या, खिडकीत वाळत घातलेले मोजे आणि टेबलावर शब्दकोशांची चळत. वर्गात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी मुलं, त्यातली निम्मी चुकून आलेली. लॅटिन तिला येत होतं. अरबी ती शिकली. मग सिरियाक शिकली. पश्चिम आशियातल्या या जुन्या भाषेत मध्ययुगाच्या सुरुवातीला ग्रीक वैद्यकाचे, तत्त्वज्ञानाचे ग्रंथ उतरवले गेले, आणि तिच्यातून मग अरबीत गेले. मावशीचं म्हणणं असं की एवढी जड गाठोडी ज्या वाटेने गेली, त्याच वाटेने विनोदही गेले असणार. गंभीर माणसांच्या खिशातून.

पलंगाचा विनोद तिला ठिकठिकाणी भेटत गेला. अरबीत तो शाळामास्तरावर होता आणि पलंगाच्या जागी पांघरूण आखूड होतं. लॅटिनमध्ये तो मठातल्या एका साधूवर होता, आणि प्रवचनकारांनी त्याला चक्क उपदेशाच्या कामाला जुंपलं होतं. माणसाचे दोष बाहेर लोंबत असतात ते जगाला दिसतात, पण तो स्वतः मोजायला उठला की ते आत जातात! मावशी मला हे सांगायची तेव्हा तिचे डोळे चमकायचे. "बघ," ती म्हणायची, "त्याच पायांचा यांनी देवाधर्माला उपयोग केला. विनोद तोच, पण प्रत्येकाची गरज वेगळी." तिचं खरं काम हेच होतं. विनोद कुठे काय टाकून देतो, कुठे काय उचलतो, आणि त्यावरून तिथली माणसं कशाला भीत होती, कशाला जपत होती, हे ती सांगायची. वर्गात ती हे समजावायला लागली की चुकून आलेली मुलंसुद्धा थांबायची.

फक्त मधली एक कडी सापडत नव्हती. ग्रीकमध्ये डावा पाय होता, लॅटिनमध्ये डावा होता, पण मधल्या वाटेवर नुसतेच पाय. शेवटी एका दूरच्या ग्रंथालयातल्या सिरियाक हस्तलिखितात, एका वैद्यकाच्या पानाच्या तळाशी, तिला तो मिळाला. शाळामास्तर, पलंग, डावा पाय. साखळी जुळली.

पुस्तक निघालं. त्या विषयातल्या लोकांत त्याचा गाजावाजा झाला. मावशीला कायमची नोकरी मिळाली, वरच्या मजल्यावर स्वतःची खोली मिळाली, दारावर पाटी लागली. लग्नाचं पाहू पाहू म्हणता राहून गेलं होतं, आणि ते राहिल्याचं तिला फारसं काही वाटलंही नाही. तिची मायेची माणसं आमच्या घरी होती. पुस्तकाची पहिली प्रत घेऊन ती आमच्याकडेच आली.

प्रस्तावनेत तिने लिहिलं होतं, "या साखळीची शेवटची कडी म्हणजे माझे वडील, ज्यांनी नकळत हा विनोद माझ्यापर्यंत आणून पोचवला." मावशीला वाटलं होतं, बाबांना आवडेल. आईने ते वाक्य आजोबांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हणजे मी हमाल," ते म्हणाले. "तिकडून कोणीतरी बोजा दिला, मी इकडे आणून टाकला."

"हमाल नाही हो बाबा, वारसदार."

"वारसदाराला काय मिळालंय ते निदान माहीत तरी असतं. मला तर तेही नाही. नकळत!"

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, असं आई म्हणायची. त्या दिवसापासून त्यांनी पलंगाचा विनोद सांगणं सोडून दिलं. बाकीचे सांगायचे, तो नाही. कोणी पाहुण्याने फर्माईश केलीच तर म्हणायचे, "तो माझा नाही. तो विद्यापीठाचा आहे. वकीलसाहेबांना विचारा." पाहुणा हसायचा. टेबलाच्या पलीकडे बसलेली मावशी ताटात बघत राहायची. एकदा तिने समजूत घालायचा प्रयत्न केला. "बाबा, मी तुमचा मान कमी केलेला नाही. इतकी जुनी गोष्ट तुमच्यापर्यंत आली यात मोठेपणा आहे." आजोबा म्हणाले, "असेल बाई. मला मोठेपणा नको होता. मला तो विनोद पुरे होता."

अशी बरीच वर्षं गेली. आजी गेली. आजोबांनी काम बंद केलं. हात थरथरू लागले होते, आणि थरथरत्या हाताने बसवलेला दात कोणाचं तरी जेवण बिघडवणार, असं ते म्हणाले. माझं कॉलेज संपत आलं होतं त्या सुमारास मावशीच्या आयुष्यात शाईवाली आली.

एका संशोधनपत्रिकेने मावशीकडे एक लेख तपासायला पाठवला. छापावा की नाही हे तिने कळवायचं. अशा वेळी लिहिणाऱ्याचं नाव झाकलेलं असतं आणि तपासणाऱ्याचंही. पण हा विषय करणारी माणसं जगात इतकी थोडी की नाव झाकून काही झाकत नाही. लिहिणारी दुसऱ्या देशातली एक तरुण संशोधक होती, जुन्या शाईची अभ्यासक. वेगवेगळ्या प्रकाशात हस्तलिखितांचे फोटो घेऊन कोणतं अक्षर कधी लिहिलं गेलं ते ती शोधायची. तिचं म्हणणं असं की त्या सिरियाक पानाच्या तळाचा मजकूर मुळातला नाहीच. शाई वेगळी आहे, एका शब्दाची लिहिण्याची पद्धतही अलीकडची आहे. फार उशिरा, त्या पोथीच्या कोणा हौशी मालकाने छापील ग्रीक पुस्तकातून तो विनोद भाषांतर करून तिथे लिहून ठेवला असावा. म्हणजे मावशीची मधली कडी ही कडीच नव्हती.

मावशीने आईला फोन केला. पलीकडचा आवाज मला खोलीभर ऐकू येत होता. "ही कोण शाईवाली मला शिकवणार? मी तीस वर्षं घालवली आहेत यात! हिचा जन्म तरी झाला होता का?"

आई म्हणाली, "मग लिही ना, चूक आहे म्हणून. तुझ्याच हातात आहे."

आता पलीकडचा आवाज खाली आला. मग मावशी म्हणाली, "चूक आहे की नाही ते जाऊन बघावं लागेल."

लांबचा प्रवास करून ती त्या ग्रंथालयात गेली. पुढे तिने मला तिथलं सगळं सांगितलं. वाचनकक्षात पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. कोट बाहेर ठेवायचा. ग्रंथपाल पोथी आणून उशीवर ठेवतो आणि पान मिटू नये म्हणून वर मण्यांची दोरी टाकतो. हे पान ती पूर्वी एकदा पाहून गेली होती, हिवाळ्यातल्या अंधुक दुपारी. तेव्हा ती डावा पाय शोधत होती आणि तो सापडल्यावर तिने दुसरं काही पाहिलंच नव्हतं. या वेळी तिने दिवा मागवला, भिंग लावलं. वरचा मजकूर तपकिरी, कडेने विटलेला. खालचा काळपट, आणि अक्षरांच्या वळणात घाई. एकदा दिसल्यावर ते इतकं उघड होतं की तिला स्वतःचीच लाज वाटली.

"वाईट वाटलं?" मी विचारलं.

"आधी भूक लागली," मावशी म्हणाली. "बाहेर बाकावर बसून दोन सँडविच खाल्ली. मग बसमध्ये बसल्यावर रडू आलं. शेजारच्या बाई म्हणाल्या, कोणी गेलं का हो? मी म्हटलं, हो, एक शाळामास्तर."

परत येऊन तिने अभिप्राय लिहिला. लेख जरूर छापावा. लेखिकेने संकोचाने एक गोष्ट तळटीपेत ढकलली आहे, ती वर घ्यावी. ज्या पुस्तकाचं यात खंडन होतं त्याचं नाव ठळकपणे यावं. आणि खाली तिने सही केली. सही करायची पद्धत नसते. तिने केली.

विभागातले सहकारी म्हणाले, "एवढं कशाला मनाला लावून घेता? एक कडी गेली म्हणजे साखळी गेली असं थोडंच आहे?"

मावशी म्हणाली, "साखळीचा अर्थच तो असतो."

एवढं झाल्यावर आजोबांना सांगणं बाकी होतं. त्याचीच तिला सगळ्यात भीती वाटत होती. रविवारी सकाळी ती आली. आजोबा मागच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत बसले होते. काम नव्हतं तरी दिवसभर तिथेच बसायचे. आई आणि मी दारातच थांबलो.

मावशीने सगळं सांगितलं. पान, शाई, शाईवाली, लेख. "म्हणजे बाबा," ती शेवटी म्हणाली, "तो विनोद प्रवास करत तुमच्यापर्यंत आला असं मला आता म्हणता येत नाही. एकच गोष्ट दोघांना आपापली सुचू शकते. तुम्ही म्हणत होता तसं असेल. मी तुमचं ऐकून घ्यायला हवं होतं."

आजोबा चपापले. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. "छे छे," ते म्हणाले. "मी ऐकलाच होता तो. आता आठवतंय मला. सलूनमध्ये ऐकला होता. एक माणूस होता तिथे."

"कोणता माणूस?"

"होता एक. प्रवासी. उंच."

"कोणतं सलून?"

"ते... कोपऱ्यावरचं."

"बाबा, कोपऱ्यावर औषधांचं दुकान होतं."

"त्याच्या शेजारचं गं."

"शेजारी तर छत्र्या विकायचे. आणि तुमचे केस आईच कापायची, घरी, वर्तमानपत्र पसरून. तुम्ही सलूनमध्ये कधी गेला होतात?"

आजोबांनी आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मदत मिळेना. "वकीलसाहेब," ते पुटपुटले, "तुमच्या पुस्तकाचं नुकसान होतंय म्हणून म्हटलं."

मावशी खाली बाकाच्या कडेला टेकली. तिच्या स्कर्टला पांढरी भुकटी लागली. इतक्या वर्षांनीही ती कुठून तरी निघायचीच. थोड्या वेळाने ती अगदी शांतपणे, वर्गात सांगावं तसं म्हणाली, "हे पाहा बाबा. तुम्ही तो ऐकला हे मला सिद्ध करता येत नाही. तुम्ही रचला हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. दोन्ही पक्षांचे साक्षीदार एक तर मेलेत, नाही तर झोपलेले होते. तेव्हा या खटल्यात सिद्ध होतं ते एवढंच, की पलंग आखूड होता."

आजोबांना हसू फुटलं. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ते इतके हसले की त्यांची स्वतःची कवळी सटकली आणि ती धरायला त्यांना दोन्ही हात लावावे लागले. आई हसत होती, मी हसत होते. मावशी एकेकाकडे गोंधळून बघत होती. "काय झालं? मी काय म्हटलं?" तिच्या जन्मात तिने लोकांना असं हसवल्याचं ते पहिलंच, आणि नेमकं काय जमलं ते तिला कळलं नव्हतं.

त्यानंतर आजोबा पलंगाचा विनोद पुन्हा सांगू लागले. त्यानंतर त्यांना फार दिवस मिळाले नाहीत, पण जेवढे मिळाले तेवढे त्यांनी वाया घालवले नाहीत. तपासायला आलेल्या डॉक्टरांनाही तो ऐकावा लागला.

मावशीने दुसरं पुस्तक लिहिलं. ते बारकं आहे. ज्या गोष्टी इकडून तिकडे गेल्या असं आपल्याला वाटतं पण दाखवता येत नाही, त्यांच्याकडे पाहायचं कसं, याबद्दल ते आहे. कोणी कोणाकडून घेतलं हा प्रश्न बाजूला ठेवून, दोन अनोळखी माणसं एकाच गोष्टीला हसली यातच केवढं काही आहे, असं ती त्यात म्हणते. पहिल्या पुस्तकाएवढं ते चाललं नाही. काहींना ते पळवाट वाटलं, आणि तसं त्यांनी लिहिलंही. मावशीने ती परीक्षणं वाचली, दोन ठिकाणी त्यांचं पटलं असं म्हणाली आणि कपाटात ठेवून दिली. काही वर्षांनी ग्रीकचा विभाग दुसऱ्या एका मोठ्या विभागात विलीन झाला, वरच्या मजल्यावरच्या खोलीत कोणाचे तरी संगणक आले, आणि ती निवृत्त झाली. निरोपसमारंभात तिने केलेलं भाषण अजून लोक विसरले नाहीत, कारण ते संपतच नव्हतं.

शाईवालीशी मात्र तिचं जुळलं. लेख छापून आल्यावर त्या मुलीने भीतभीत पत्र पाठवलं होतं. मावशीने उत्तरात तिच्या लेखातल्या सिरियाकच्या चुका दाखवल्या. त्या मुलीला शाई वाचता येते, भाषा मावशीला. आता ती दर उन्हाळ्यात येऊन मावशीकडे राहते. बैठकीच्या खोलीतल्या टेबलावर एकीचा संगणक, दुसरीचे शब्दकोश, आणि मधोमध चहाचे कप. घरात अजूनही तिला सगळे शाईवालीच म्हणतात. तिला त्याचा अर्थ सांगितला तेव्हा तिने तो शब्दच आपल्या विद्यापीठातल्या खोलीच्या दारावर लिहून लावला.

सध्या त्यांनी एक मध्ययुगीन विनोद हातात घेतलाय. तो एकाच पोथीत आहे, दुसरीकडे कुठेही नाही. एक माणूस कुंभाराकडे जातो आणि म्हणतो, "मागच्यासारखं नको." कुंभार म्हणतो, "मग टोपी काढ." बस. एवढाच. आणि पुढे पोथीत लिहिलंय की हे ऐकून सगळी सभा हसून हसून बेजार झाली. यात हसण्यासारखं काय आहे ते आज जगात कोणालाही माहीत नाही. टोपीसाठी जो शब्द आहे त्याचा अर्थ झाकण असाही होतो, आणि त्यावरून दोघींचं रोज वाजतं.

गेल्या आठवड्यात मी फोन केला तेव्हा मागून शाईवालीचा चढलेला आवाज येत होता. मी विचारलं, "लागला का अर्थ?"

"नाही," मावशी म्हणाली. "पण सगळी सभा हसली होती गं. उगाच कशी हसेल?"

म्हणून आता दोघी कुंभाराच्या चाकावर भांडी घडवायला शिकताहेत. आठवड्यातून दोन सकाळी जातात. मावशीचं भांडं अजून एकदाही उभं राहिलेलं नाही, आणि शाईवालीचं उभं राहतं पण त्यावर झाकण बसत नाही.